विश्लेषण : चालत्या माणसाला चिकटणारा ‘इफेक्ट’... दादासाहेब फाळके हे कॅमेऱ्यातच कसे साधत?

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्यात राजराजेश्वराची कावड निघते. गांधीग्रामहून पूर्णा नदीचे पाणी खांद्यावर घेऊन मंडळे शहरात येतात आणि कावड मंदिरात पोहोचण्याआधीच तिचे व्हिडीओ मोबाइलवर फिरू लागतात. त्यात कावड पुढे सरकते तसे मंडळाचे नावही तिच्या वरून तरंगत पुढे जाते. मध्येच कोणाचा तरी झेंडा आडवा येतो आणि नाव कावड सोडून भलत्याच माणसाच्या डोक्यावर जाऊन बसते. हलत्या वस्तूला दृश्य चिकटवून ठेवण्याची ही अडचण मोबाइलइतकी नवी नाही. शंभर वर्षांपूर्वी संगणक नसताना, एकही फ्रेम परत पुसता येत नसताना दादासाहेब फाळके यांनी तिच्याशी झुंज घेतली. त्यांच्या आयुष्याकडे या एका अडचणीच्या बाजूने पाहिले, तर आजचे तंत्रही सोपे होऊन समजते.

हलत्या वस्तूला इफेक्ट चिकटतो म्हणजे काय होते?

व्हिडीओ म्हणजे स्थिर चित्रांची माळ. मोबाइलवर साधारणपणे एका सेकंदाला ३० चित्रे, म्हणजे फ्रेम टिपल्या जातात. पाच सेकंदांच्या दृश्यात कावडीवर नाव ठेवायचे, तर १५० फ्रेममध्ये ते नाव १५० वेळा योग्य जागी बसावे लागते. हे काम संपादनाच्या ॲपमधील ‘मोशन ट्रॅकिंग’ ही सोय करते. संपादक पहिल्या फ्रेममध्ये एक ठळक खूण निवडतो. समजा, कावडीवरच्या भरण्याची चकाकणारी कड. ॲप पुढच्या फ्रेममध्ये त्या खुणेसारखा दिसणारा ठिपक्यांचा पुंजका शोधते, तो किती सरकला हे मोजते आणि नावालाही तेवढेच सरकवते. मग तिसरी फ्रेम, चौथी फ्रेम, असे शेवटपर्यंत. दोन खुणा दिल्या तर वस्तू जवळ आली की लांब गेली, कलली की वळली, हेही कळते.

अवघड होते ते खूण हरवल्यावर. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळातील मल्लखांबपटूचे उदाहरण घेता येईल. तो खांबाभोवती फिरतो तेव्हा चेहरा दिसेनासा होतो, हात धूसर होतो आणि ॲपने धरलेली खूण निसटते. अशा वेळी संपादकाला त्या फ्रेमवर थांबून नाव हाताने योग्य जागी न्यावे लागते. त्या हाताने ठरवलेल्या जागेला ‘कीफ्रेम’ म्हणतात. थोडक्यात, फ्रेम मोजणे आणि प्रत्येक फ्रेममध्ये वस्तू कुठे आहे हे ठाऊक असणे, एवढाच या विद्येचा गाभा. फाळके यांनी हा गाभा एका कुंडीसमोर बसून शिकून घेतला.

फाळके या वाटेला कसे लागले?

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे पंडित; पुढे ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवू लागले आणि कुटुंब मुंबईला आले. मुलाचा कल पोथीपेक्षा चित्राकडे होता. १८८५ मध्ये त्याने सर ज. जी. कलाशाळेत प्रवेश घेतला आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण, छपाई, साचेकाम अशा अनेक गोष्टी तो शिकला. एकाच माणसाने इतकी कामे शिकणे त्या काळी धरसोडीचे वाटले असेल. पुढे मात्र यातले प्रत्येक काम चित्रपटात उपयोगी पडले.

गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय केला. तिथे प्लेगमध्ये पहिली पत्नी आणि मूल गेले. व्यवसाय मोडला. या काळात त्यांनी जादूचे खेळही शिकून घेतले आणि स्वतःचे आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते खेळ करू लागले. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. पत्नीचे नाव सरस्वतीबाई. पुरातत्त्व खात्यात काही वर्षे नोकरी, मग स्वदेशीच्या चळवळीच्या वाऱ्यात ती सोडून लोणावळ्याला छापखाना, १९०९ मध्ये छपाईची यंत्रे पाहण्यासाठी जर्मनीची वारी, असा प्रवास झाला. भागीदारांशी मतभेद झाले आणि चाललेला छापखाना सोडून ते बाहेर पडले. वय चाळिशीला आले होते, हातात उत्पन्नाचे साधन नव्हते.

चित्रपटाचे वेड कुठून लागले?

१९१०-११ च्या सुमारास मुंबईतील एका तंबूवजा चित्रगृहात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालताना पाहून त्यांच्या मनात राम आणि कृष्ण चालू लागले. दुसऱ्या वेळी त्यांनी सरस्वतीबाईंनाही सोबत नेले. त्यानंतर महिनोन्महिने चित्रपट पाहणे, पुस्तके आणि सुटी उपकरणे मागवणे, रात्र रात्र प्रयोग करणे सुरू झाले. डोळ्यांवर इतका ताण आला, की काही काळ दृष्टीच गेली. उपचारांनी आणि चष्म्यांनी ती परतली, पण घरचे आणि मित्र धास्तावले.

तरीही विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. तिथे ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाच्या कार्यालयात गेले. संपादकाच्या ओळखीने त्यांना सेसिल हेपवर्थ यांचा वॉल्टन येथील स्टुडिओ पाहायला मिळाला. हेपवर्थ यांच्याकडे त्यांना चित्रपट बनण्याच्या सगळ्या पायऱ्या पाहता आल्या. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र, धुलाईची आणि प्रती काढण्याची साधने यांची खरेदी करून आणि कच्च्या फिल्मची मागणी नोंदवून ते दोन महिन्यांत मुंबईला परतले.

कुंडीतल्या रोपाने काय शिकवले?

आता भांडवल हवे होते आणि सावकाराला चित्रपट म्हणजे काय हे दाखवायला हवे होते. फाळके यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा तिच्यासमोर जागेवर घट्ट बसवला आणि रोप उगवून वाढेपर्यंत रोज थोडी थोडी फ्रेम टिपत गेले. सलग दाखवल्यावर बी फुटून वेल वर चढताना दिसू लागला. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखला जाणारा हा छोटा चित्रपट. तो पाहून छायाचित्रणाच्या साहित्याचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांनी कर्ज दिले. सरस्वतीबाईंचे दागिनेही या उद्योगात गेले.

तंत्राच्या दृष्टीने या प्रयोगात दोन धडे होते. पहिला म्हणजे काळ हा फ्रेममध्ये मोजता येतो. दुसरा असा, की कॅमेरा केसभर हलला तरी सगळा खेळ फसतो. महिनाभरात कुंडीला धक्का लागला असता, तर रोप वाढण्याऐवजी उड्या मारताना दिसले असते. पुढच्या सगळ्या चमत्कारांची कसोटी हीच होती.

सरस्वतीबाईंच्या हातात काय होते?

त्या काळची कच्ची फिल्म फाळके यांच्या घरी छिद्रांशिवाय येत असे. तिच्या दोन्ही कडांना छिद्रे पाडण्याचे काम सरस्वतीबाई रात्री अंधाऱ्या खोलीत यंत्रावर करत. अंधारात करायचे, कारण प्रकाश लागला की फिल्म वाया. याशिवाय फिल्म धुणे, रसायने तयार करणे, चित्रीकरणाच्या वेळी उन्हाचा प्रकाश परतवण्यासाठी पांढरी चादर धरून तासन् तास उभे राहणे आणि कंपनीतल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, हेही त्यांच्याकडेच होते.

या छिद्रांचे महत्त्व चमत्काराच्या दृश्यात कळते. कॅमेऱ्यातील आकडा या छिद्रांत अडकून फिल्म एकेक फ्रेम खाली ओढतो. छिद्रे सारख्या अंतरावर नसतील, तर प्रत्येक फ्रेम किंचित वरखाली बसते. साध्या दृश्यात हे खपून जाते. पण एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करायचे असेल, तर पहिले चित्र एका बाजूला डुलते आणि दुसरे दुसऱ्या बाजूला. देव जमिनीवर उभा न दिसता तरंगत सरकतो. आजचे संपादक नाव कावडीवरून ‘घसरते’ म्हणतात, तोच हा दोष. म्हणून पडद्यावरचा देव स्थिर उभा राहिला, त्याचे बरेचसे श्रेय अंधाऱ्या खोलीत बसलेल्या बाईच्या हाताला जाते. चित्रपटांच्या जाहिरातींत तो हात कुठे दिसत नव्हता.

चमत्कार नेमका कसा घडायचा?

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात प्रदर्शित झाला. लांबी सुमारे ३,७०० फूट. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र झाले. स्त्रिया कॅमेऱ्यासमोर यायला तयार नव्हत्या, म्हणून उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. रोहिदासाची भूमिका फाळके यांच्या मुलाने, भालचंद्रने केली. हा चित्रपट फाळके यांनी १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केला. आज पाहायला मिळणारी रिळे त्या दुसऱ्या आवृत्तीची असल्याचे अभ्यासक मानतात.

त्या काळी कॅमेरा हाताने फिरवत. हँडलच्या एका फेऱ्यात साधारण आठ फ्रेम आणि सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सेकंदाला सुमारे १६ फ्रेम. चमत्काराच्या दोन पद्धती जगभर रूढ होत्या. पहिली, कॅमेरा थांबवण्याची. पात्र जागच्या जागी गोठून उभे राहायचे, कॅमेरा थांबायचा, दुसरे पात्र आत यायचे किंवा वस्तू बदलायची आणि कॅमेरा पुन्हा सुरू व्हायचा. पडद्यावर देव एकाएकी प्रकटायचा. दुसरी, दुहेरी चित्रणाची. भिंगासमोर काळा पुठ्ठा लावून चित्राचा एक भाग झाकायचा आणि उरलेला टिपायचा. मग अंधारात फिल्म मोजून तितकेच फेरे मागे घ्यायची, पुठ्ठा उलट बाजूला लावायचा आणि झाकलेला भाग टिपायचा. कधी पुठ्ठ्याऐवजी काळ्या पडद्यासमोर पात्र उभे करायचे, कारण काळ्या भागातून फिल्मवर प्रकाश पोहोचत नाही आणि ती जागा दुसऱ्या चित्रासाठी कोरी राहते.

१९१८ च्या ‘श्रीकृष्ण जन्म’मध्ये कंसाला भयाने वेढले जाते, चहूबाजूंनी कृष्णच कृष्ण दिसू लागतात आणि त्याचे शीर धडावेगळे होऊन वर जाते व परत येते. आजच्या भाषेत, हलत्या शरीराशी बांधलेला इफेक्ट तो हाच. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये मारुतीचे उड्डाण होते. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये फाळके यांची साधारण सात वर्षांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आणि यमुनेच्या तळाशी कालियाशी झुंजून त्याच्या फणेवर उभी राहिली.

मग पात्राच्या मागे इफेक्ट कसा जायचा?

जात नव्हता. हीच त्या काळाची सर्वांत मोठी मर्यादा. काळा पुठ्ठा जागचा हलत नाही. कंसाने मान झाकलेल्या भागात नेली, तर ती पडद्यावर कापली गेलेली दिसेल. देवाने सीमारेषा ओलांडली, तर त्याचा हात हवेत विरेल. म्हणून इफेक्टला पात्राचा पाठलाग करायला लावणे शक्य नसल्याने पात्रालाच इफेक्टच्या हद्दीत चालावे लागे. नटाला किती पावले टाकायची, कुठे थांबायचे, कोणत्या क्षणी वर पाहायचे, हे हँडलच्या फेऱ्यांशी जुळवून ठरवावे लागे. दुसऱ्या चित्रणात समोर कोणीच नसताना, जणू समोर कृष्ण आहे अशा नजरेने पाहावे लागे.

चूक झाली तर दोन्ही चित्रणे वाया जात, कारण दोन्ही एकाच फिल्मवर असत. ती फिल्म परदेशातून येई आणि पैसे मोजून येई. धुलाई होईपर्यंत चूक कळतही नसे. आज ‘अनडू’चे बटण दाबून संपादक जे परत घेतो, त्याची किंमत फाळके यांना कर्जाच्या रकमेत मोजावी लागे. पहिल्या महायुद्धाने हा पेच आणखी घट्ट केला. कच्ची फिल्म मिळेना, सावकार हात आखडू लागले. १९१४ मध्ये ते पुन्हा लंडनला गेले, तेव्हा तिथे राहून चित्रपट करण्याचे प्रस्ताव त्यांच्यापुढे आले. ते नाकारून ते नाशिकच्या आपल्या कारखान्याकडे परतले.

त्यांच्यानंतर हे बंधन कसे सुटले?

एकेका टप्प्याने. अमेरिकेत मॅक्स फ्लायशर यांना १९१७ मध्ये ‘रोटोस्कोप’चे पेटंट मिळाले. चित्रित फ्रेम काचेवर टाकून तिच्यावरून एकेक चित्र हाताने गिरवायचे, अशी ही रीत. म्हणजे माणूसच प्रत्येक फ्रेममध्ये हलत्या शरीराचा माग काढू लागला. १९१८ मध्ये फ्रँक विल्यम्स यांनी हलत्या झाकणाच्या, अर्थात ‘ट्रॅव्हलिंग मॅट’च्या पद्धतीचे पेटंट मिळवले. पुठ्ठा जागेवर न राहता पात्राच्या आकारासह सरकू लागला. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’साठी संगणकाच्या नियंत्रणाखाली कॅमेऱ्याची तीच हालचाल पुन्हा पुन्हा करून घेण्यात आली. १९८१ मध्ये ब्रूस लुकास आणि ताकिओ कानादे यांनी दोन फ्रेममधील सरक मोजण्याची गणिती पद्धत मांडली. आजही अनेक ट्रॅकरच्या मुळाशी ती आहे. हेच काम संगणकावर ‘आफ्टर इफेक्ट्स’ किंवा ‘डाव्हिन्ची रिझॉल्व्ह’सारख्या सॉफ्टवेअरमध्ये होते आणि आता मोबाइलमधल्या ॲपमध्येही. दिशा उलटली. फाळके यांच्या काळी नट इफेक्टच्या हद्दीत चालायचा, आता इफेक्ट नटामागे चालतो.

फाळके यांची अखेर कशी झाली?

१ जानेवारी १९१८ रोजी मुंबईच्या भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. पैसा आला, पण हिशेब आणि अधिकार यांवरून खटके उडू लागले. फाळके कंपनी सोडून कुटुंबासह काशीला गेले. तिथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. पुढे परत येऊन कंपनीसाठी त्यांनी अनेक चित्रपट केले, मात्र पूर्वीचे वैभव परतले नाही. १९३१ मध्ये बोलपट आला आणि हाताने कॅमेरा फिरवण्याचे युग संपले. ‘सेतुबंधन’ या मूकपटाला नंतर आवाज जोडावा लागला. कोल्हापूर सिनेटोनसाठी १९३७ मध्ये केलेला ‘गंगावतरण’ हा त्यांचा बोलपट, तेव्हा त्यांचे वय ६७ होते. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. चित्रसृष्टी तोवर खूप पुढे गेली होती आणि तिचा पाया घालणारा माणूस आर्थिक ओढाताणीत होता. त्यांच्या नावाचा पुरस्कार केंद्र सरकारने १९६९ मध्ये सुरू केला.

त्यांच्या नावावर सुमारे ९५ चित्रपट आणि २६ लघुपट सांगितले जातात. त्यांतले बहुतेक नष्ट झाले आहेत. जे उरले, ते पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे. पी. के. नायर यांच्या प्रयत्नांतून ‘राजा हरिश्चंद्र’ची रिळे आणि ‘कालिया मर्दन’ तिथे जपले गेले.

वऱ्हाडातल्या मोबाइलवर यातले काय कामाचे?

पहिली गोष्ट, चित्रीकरणाच्या वेळीच पुढच्या इफेक्टचा विचार. कावडीवर नाव ठेवायचे असेल, तर गर्दीच्या डोक्यांवरून, थोड्या उंचीवरून आणि मोबाइल कशाला तरी टेकवून चित्रण करावे. हात हलला, तर ॲपला कावडीची आणि मोबाइलची अशा दोन हालचाली एकदम सोडवाव्या लागतात.

दुसरी गोष्ट, खुणेची निवड. गुलालाने माखलेला सदरा ही वाईट खूण, कारण आजूबाजूला तसेच वीस सदरे असतात. पाठीमागच्या रंगापेक्षा वेगळी, टोकदार आणि शेवटपर्यंत दिसत राहणारी वस्तू धरावी. काळ्या पडद्यामागे हाच हिशेब होता.

तिसरी, अडथळ्याची तयारी. झेंडा आडवा येतो तिथे ट्रॅकिंग थांबवावे, झेंडा सरल्यावर खूण पुन्हा धरावी आणि मधल्या दहा-बारा फ्रेम कीफ्रेमने जोडाव्यात. मल्लखांबपटूच्या बाबतीत चेहऱ्याऐवजी कमरेजवळची खूण बहुधा जास्त टिकते, कारण गिरकीत चेहरा झाकला जातो, कंबर त्यामानाने दिसत राहते.

आणि शेवटी फ्रेम एकेक करून तपासणे. पाच सेकंदांच्या १५० फ्रेम बोटाने पुढे सरकवायला दोन-तीन मिनिटे लागतात. कुंडीतल्या रोपाच्या फ्रेम जमायला फाळके यांना दिवसामागून दिवस थांबावे लागले होते.